देव न मानणाऱ्याचा मांडव

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते आपोआप साठतात, मांडववाल्याच्या गोदामातल्या कापडासारखे. एक ओढायला जावं तर त्याच्या गाठीला अडकून आणखी दोन-तीन बाहेर येतात, आणि ज्याच्यासाठी आत गेलो होतो तेच नेमकं सापडत नाही!

हे मला ठाऊक असायचं कारण म्हणजे गोंदियाजवळच्या कुडव्यात माझं झेरॉक्सचं दुकान टेकरामभाऊच्या गोदामाला लागूनच आहे. मधे एकच भिंत. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की मी शटर अर्धं ओढतो आणि तिकडे जाऊन बसतो. खुर्च्यांची तिथं कमी नाही.

टेकरामभाऊ म्हणजे मांडववाला. गणपती, दुर्गा, आंबेडकर जयंती, भागवत सप्ताह, उरूस, लग्न, तेरवी, सगळ्यांचं छप्पर याच गोदामातून जातं. आणि हा माणूस स्वतः कुठलाच देव मानत नाही! कुणी त्याला नास्तिक म्हटलं की मात्र चिडतो. "एवढं मोठं नाव कायले देता? मले देव दिसला नाही, एवढंच. दिसला तर सांगीन ना तुमाले!"

त्याच्याकडे दोन जुनी माणसं. लोकचंद बांबू बांधतो. हा पोवार, भाविक, देवाचं नाव घेतल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. विलास लाउडस्पीकर सांभाळतो. हा बौद्ध, आजोबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, आणि हा पंचशील इतकं मनापासून पाळतो की खोटं बोलायची वेळ आली की चक्क खोकायला लागतो. चौथा मी. शनिवारी मारुतीला तेल घालतो, बाकीचे दिवस जमेल तसं.

आमचा वाद वर्षानुवर्षं एकच. धर्म नसला तर माणूस नीट वागेल का? वाद कधी संपला नाही, चहा मात्र संपला. यंदा उन्हाळ्यात टेकरामभाऊच्या मुलीची, पल्लवीची सोयरीक कामठ्याच्या एका घरात जुळता जुळता याच प्रश्नावर येऊन अडकली, आणि हे सगळे किस्से एकामागून एक वर आले.

* * *

लोकचंदची एक रीत. कुठल्याही मांडवाचा पहिला बांबू रोवला की नारळ फोडायचा. मग बिनघोर कामाला लागायचं.

एका गणपतीला नारळ आणायचा राहिला. टेम्पो उभा, पोरं घाईत. लोकचंद म्हणाला, "भाऊ, मी चौकातून पटकन नारळ घेऊन येतो." टेकरामभाऊ म्हणाला, "गणपती उद्या येऊन राहिला, तू आज बांबू बांध!" लोकचंदचं तोंड एवढंसं झालं. पण बांधला बिचाऱ्यानं.

नेमकं त्याच आठवड्यात वादळ आलं. पलीकडच्या चौकातला दुसऱ्या कुणाचा तरी मांडव जमिनीला टेकला, आपला जागचा हलला नाही. टेकरामभाऊ दिवसभर मिशीत हसत होता. "काऊन गा लोकचंद? नारळ नव्हता तरी उभा आहे!"

विसर्जनानंतर मांडव उतरवायला गेले, तर गाठी सुटेनात! एकेक गाठ सोडवता सोडवता पोरांची बोटं सोलून निघाली. टेकरामभाऊ ओरडला, "या दोन-दोन गाठी कोनं मारल्या बे?"

लोकचंद खाली मान घालून म्हणाला, "मीच मारल्या भाऊ. त्या दिवशी नारळ नव्हता ना. म्हटलं, आज वरून पाहणारं कोनी नाही, आपल्यालेच पहा लागन."

टेकरामभाऊनं एक गाठ स्वतः ओढून पाहिली. मग म्हणाला, "आजपासून नारळ बंद!"

लोकचंद रडायच्या घाईला आला. शेवटी तडजोड झाली. नारळ फुटेल, पण टेकरामभाऊनं प्रत्येक बांबू स्वतःच्या हातानं हलवून पाहिल्यावर. ती रीत आजही चालू आहे, आणि फुटलेल्या नारळातलं अर्धंअधिक खोबरं देव न मानणाराच खातो.

* * *

विलासच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली, पण काय झाली!

श्रावणात एकाच वेळी दोन ठिकाणी काम होतं. इकडे भागवत सप्ताह, तिकडे विहारात वर्षावासाचा कार्यक्रम. दोन्हीकडे पहाटे लाउडस्पीकर. विलासनं दोन पेनड्राइव्ह भरून ठेवले, दोन्ही काळे. त्यांची अदलाबदल झाली!

पहाटे सप्ताहाच्या मांडवात संथ आवाजात बुद्धवंदना सुरू झाली. म्हाताऱ्या आपल्या हात जोडून, डोळे मिटून बसलेल्या. एक आजी शेजारणीला म्हणाली, "आज महाराजानं नवीन लावलं वाटते. पण गोड आहे बाई!"

इतक्यात विलासच्या लक्षात आलं. धावत येऊन तो महाराजांच्या पाया पडला, "चुकलं महाराज, आमच्या विहारातलं लागलं. बंद करतो."

महाराज गोंदियाच्या पलीकडचे, वयस्कर, मिस्कील. म्हणाले, "थांब. त्यात काय म्हणून राहिले ते सांग."

विलासनं चाचरत सांगितलं. "हिंसा करायची नाही. चोरी करायची नाही. वाईट चालीनं वागायचं नाही. खोटं बोलायचं नाही. अना शेवटचं, दारू प्यायची नाही."

महाराजांनी मान वळवून सप्ताह समितीच्या मंडळींकडे एक नजर टाकली. दोघं-तिघं नुसतेच मांडवाच्या छताकडे बघायला लागले.

"पुन्हा लाव," महाराज म्हणाले. "अना शेवटचं जरा मोठ्यानं!"

तिकडे विहारात काय झालं म्हणता? तिथं भजन वाजलं. विहारातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि मग नातवाच्या गाडीवर बसून स्वतः पेनड्राइव्ह परत द्यायला आले. "आवाज चांगला आहे गा गाणाऱ्याचा," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून विलासच्या एका पेनड्राइव्हला निळा दोरा आहे आणि एकाला भगवा.

* * *

दुर्गेच्या दिवसांत गोंदिया शहरातल्या एका मंडळाचं काम होतं. मांडवाला लागूनच एका घरात कुणाची तरी बाळंतीण नुकती दवाखान्यातून आली होती. टेकरामभाऊनं त्या बाजूचा कर्णा फिरवला आणि आवाज उतरवला.

मंडळाचा अध्यक्ष तणतणत आला. "भैया, ये क्या है? माताजी का पंडाल है, आवाज तो होना! माता तक पहुँचना चाहिए."

टेकरामभाऊची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त जोरात बोललेली. तो म्हणाला, "देखो भैया. माताले ऐकू येत नसन, तर आवाज बढाके क्या फायदा? अना येत असन, तर कमी करके क्या नुकसान?"

अध्यक्षानं एकदा कर्ण्याकडे, एकदा मूर्तीकडे पाहिलं. शेवटी मागे उभ्या लोकचंदला विचारलं, "तुम तो भगत आदमी हो, तुम बोलो!"

लोकचंद म्हणाला, "मातेलेच तर लेकरं सगळ्यात जास्त ऐकू येतात जी."

आवाज उतरला तो दसऱ्यापर्यंत उतरलेलाच राहिला.

* * *

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या बाजूला एका गावात मोठा सप्ताह होता. तलावाचं पाणी धानाला सुटलेलं, रोवणी म्हणजे भातलावणी जोरात. मीही टेम्पोत बसून गेलो होतो. सप्ताहाची सांगता, महाप्रसाद, मोठमोठ्या गंजात भात-भाजी. समितीनं सांगितलं होतं की जेवणाच्या पंगतीला रस्त्याच्या बाजूनं कनात पाहिजे. म्हणजे "कोनीबी घुसणार नाही."

दुपारी रोवणीवरच्या बाया रस्त्यानं परतायला लागल्या. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले. कनातीपाशी आल्या की चाल हळू व्हायची. वास तर कनातीला अडत नाही ना! पण आत कुणी शिरत नव्हतं, आणि आतून कुणी बोलावत नव्हतं.

टेकरामभाऊ टेम्पोला टेकून खर्रा चोळत हे बघत होता. खर्रा तोंडात टाकला, पुढे गेला आणि कनात सोडायला लागला.

समितीचा अध्यक्ष धावला. "अरे भाऊ, पंगत चालू आहे! कनात काऊन काढून राहिले?"

"माझी आहे," टेकरामभाऊ म्हणाला. "मले पायजे."

कनात गुंडाळली गेली. आता एका बाजूला पंगत, समोर रस्ता, रस्त्यावर बाया, आणि मधे काहीच नाही. अध्यक्ष इकडे बघतो, तिकडे बघतो. दोन-चार पानांवरचे हात थांबले. मग अध्यक्षानंच खाकरून हाक मारली, "या ना बाई, या! उभ्या कायले? प्रसाद घेऊन जा."

बाया हातपाय धुऊन बसल्या. पोटभर जेवल्या. संध्याकाळी समारोपात महाराजांनी सगळ्यांसमोर अध्यक्षाचं कौतुक केलं, की अन्नदान असावं तर असं. अध्यक्षानं हात जोडून सांगितलं, "मी कोन? देवाची प्रेरणा झाली."

मांडवाच्या खांबाशी उभा असलेला लोकचंद माझ्या कानात पुटपुटला, "देव तिकडं टेम्पोत कनात भरून राहिला."

* * *

म्हणजे धर्माचं काही कामच नाही, असं समजू नका. टेकरामभाऊही तसं म्हणत नाही. म्हणूच शकत नाही, आणि त्याचं कारणही लोकचंदच आहे.

लोकचंद पूर्वी भयंकर पीत असे. टेकरामभाऊनं त्याला समजावलं, शिव्या दिल्या, कामावरून काढलं, परत घेतलं. काही फरक नाही. मग एका सप्ताहात लोकचंदनं महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली. एका दिवसात! टेकरामभाऊला आनंद झाला आणि रागही आला. "इतकी वर्षं मी बोंबलून राहिलो ते काहीच नाही, अना लाकडाच्या मण्यांचं ऐकलं?"

एकदा गोदामात बांबूचा भारा उतरवताना बांबूचं टोक माळेत अडकलं आणि माळ तुटली. मणी सगळीकडे उधळले. लोकचंद जागच्या जागी खाली बसला. असा भ्यालेला माणूस मी फार कमी पाहिला आहे. "आता काही खरं नाही," तो म्हणत होता. "प्रकाशभाऊ, मी आज पिईन. मले माहीत आहे, मी आज पिईन."

मी म्हटलं, अरे, नवीन माळ घेऊ. पण त्याला ती नवीन नको होती, तीच हवी होती.

टेकरामभाऊनं चष्मा पुसला, मोबाइलची बॅटरी लावली आणि तो सतरंज्यांच्या थप्प्यांमध्ये गुडघ्यांवर रांगायला लागला. त्याचं पोट मोठं, गोदामात बोळ अरुंद, तो मधेच अडकायचा आणि शिव्या हासडायचा. कापडांच्या घड्या झटकल्या, गंज हलवले, मणी वेचले. मग झालर शिवायचा दोरा घेऊन, जाडजूड बोटांनी, जीभ बाहेर काढून, त्यानं माळ ओवली.

गळ्यात घालताना लोकचंद म्हणाला, "भाऊ, तुमी तर हे मानत नाही ना?"

"माळ मानत नाही गा. तुले मानतो," टेकरामभाऊ म्हणाला, आणि लगेच ओरडला, "आता उठ, बांबू का तुहा देव उचलन?"

मी माझ्या दुकानात गेलो आणि उगाचच कोरा कागद झेरॉक्स मशीनमधून काढला. डोळे भरून आले होते, लपवायला काही तरी काम पाहिजे होतं.

* * *

सुनंदावहिनी म्हणजे टेकरामभाऊची बायको. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास धरणारी. ती म्हणते, "माझे अर्धे उपास यांच्या वाटचे आहेत." आणि टेकरामभाऊ म्हणतो, "म्हणूनच मी दोन वेळा जेवतो, हिचं राहिलेलं."

मागे वहिनी आजारी पडली. गोंदियाच्या दवाखान्यात बरेच दिवस राहावं लागलं. पल्लवी स्वतः नर्स, ती आईजवळच असायची. टेकरामभाऊ दिवसभर दवाखान्यात, पण दिवेलागणीच्या सुमारास गाडी काढून कुडव्याला घरी जायचा आणि परत यायचा. मला वाटलं, डबा आणायला जात असेल.

एके दिवशी काही निरोप द्यायला मी त्याच्या घरी गेलो, तर अंगणात टेकरामभाऊ तुळशीपुढं उकिडवा बसलेला! वात नीट करून, तेल घालून, वाऱ्याला हाताचा आडोसा धरून दिवा लावत होता.

मी तर खूशच झालो. इतक्या वर्षांचा वाद जिंकलो असं वाटलं! म्हटलं, "भाऊ! शेवटी देवच आठवला ना?"

तो दचकला नाही, लाजलाही नाही. म्हणाला, "ते रोज संध्याकाळी विचारते, तुळशीपाशी दिवा लावला का म्हणून. आता आजारी बाईले खोटं कसं सांगू?"

दिवा लागला, तो उठला, गुडघे धरून दोन पावलं लंगडला आणि गाडीला किक मारून परत दवाखान्यात गेला.

* * *

आता पल्लवीची गोष्ट.

मुलगा निलेश, कामठ्याचा, कृषी खात्यात नोकरीला. दोघांचं आपसांत आधीच पसंत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे माहीत नसल्याचं सोंग करत होते. अडचण निलेशच्या वडिलांची. तुळशीरामजी शेतकरी माणूस, गावातल्या भजनी मंडळाचे प्रमुख, शब्दाला पक्के. त्यांच्या कानावर गेलं की मुलीचा बाप देव मानत नाही.

एके दिवशी ते न सांगता गोदामात आले. टेकरामभाऊ बाहेर गेला होता. आम्ही तिघंच.

बसले. पाणी प्यायले. मग सरळ मुद्द्यावर आले. "पोरगी चांगली आहे, मी पाहिली. पण मले एक सांगा जी. ज्याले देवाचा भेव नाही, त्याले कोनाचा भेव राहीन? असा मानूस उद्या शब्द फिरवन तर मी कोनाले विचारू?"

खरं सांगतो, मला त्यांचा राग आला नाही. मुलाचा बाप, त्याला काळजी असणारच.

लोकचंदला मात्र पल्लवीचं लग्न मोडलेलं दिसायला लागलं. त्यानं पल्लवीला खांद्यावर बसवून दसरा दाखवलेला. तो एकदम म्हणाला, "कोन म्हणते जी? आमचे भाऊ तुळशीपाशी दिवा लावतात! रोज! मी सांगतो ना!" आणि माळ मुठीत घट्ट धरली.

तुळशीरामजींचा चेहरा उजळला. त्यांनी विलासकडे पाहिलं. "हो का जी?"

विलासला खोकल्याची अशी उबळ आली की त्याला उठून बाहेर जावं लागलं.

आणि नेमका त्याच वेळी टेकरामभाऊ आला! तुळशीरामजी हसत म्हणाले, "या, या! आत्ताच ऐकलं, तुमी रोज तुळशीपाशी दिवा लावता. मंग लोक असं काऊन बोलून राहिले?"

मी टेकरामभाऊला डोळ्यानं खुणावलं, गप राहा. लोकचंदनं हात जोडले. बाहेरचा खोकलासुद्धा थांबला. नुसतं 'हव' म्हटलं असतं, तर पोरीचं लग्न ठरलं होतं.

"रोज नाही जी," टेकरामभाऊ म्हणाला. "बायको दवाखान्यात होती तेवढे दिवस लावला. ते घरी आली, आता तेच लावते. लोकचंद, माळ सोड आधी, तुटन पुन्हा."

तुळशीरामजींचं हसू गेलं. वातावरण हलकं व्हावं म्हणून लोकचंदनं त्यांना नारळाचा आणि दोन गाठींचा किस्सा सांगितला. त्याला वाटलं, पाहुणे हसतील. आम्ही हसलो. ते हसले नाहीत. कोपऱ्यात उभ्या केलेल्या बांबूंकडे बघत बसले.

उठताना म्हणाले, "आमच्या घराण्याची एक रीत आहे. साक्षगंधाच्या दिवशी दोघं बाप एका नारळावर हात ठेवतात अना देवाच्या साक्षीनं शब्द देतात. तेवढं कराल, तर मले काही म्हणायचं नाही."

"नारळावर हात ठेवीन," टेकरामभाऊ म्हणाला.

ते गेल्यावर लोकचंद खुशीत म्हणाला, "झालं! जमलं!" विलास मात्र म्हणाला, "भाऊ हात ठेवीन म्हणाले. बाकीचं म्हणाले नाही." आम्ही त्याला गप्प केलं.

* * *

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, कुडव्यातच झालं, टेकरामभाऊच्या दारात. मांडव अर्थातच घरचा. आयुष्यभर दुसऱ्यांचे मांडव टाकणाऱ्या माणसानं स्वतःच्या दारचा मांडव टाकला, तो बघायला अर्धा कुडवा आला. लोकचंदनं नवीन पिवळी झालर लावली, विलासनं सनई अशी हळू लावली की बोलणं ऐकू यावं.

पल्लवी बापाला आदल्या दिवशीच म्हणाली होती, "बाबा, उद्या वाद नका घालू." "नाही घालत," तो म्हणाला होता.

अंगठ्या झाल्या, ओट्या झाल्या, फोटो झाले. मग पंडितजींनी नारळ पुढे केला. तुळशीरामजींनी त्यावर उजवा हात ठेवला, त्यावर टेकरामभाऊनं आपला. तुळशीरामजी मोठ्या आवाजात म्हणाले, "देवाच्या साक्षीनं शब्द देतो, तुमची लेक ते माझी लेक."

टेकरामभाऊ म्हणाला, "मी शब्द देतो, तुमचा लेक तो माझा लेक."

पंडितजी म्हणाले, "देवाच्या साक्षीनं म्हणा जी."

टेकरामभाऊनं एकदा सगळीकडे पाहिलं. "शब्द माझा आहे. साक्षीले इतके लोक बसले आहेत."

मांडवात कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांमधला एक जण ऐकू जाईल असं म्हणाला, "पाहा, मी म्हणत नव्हतो?" सुनंदावहिनी मागून कळवळून म्हणाली, "अहो, म्हणून टाका ना! दोन शब्द तर आहेत. पोरीचं वाटोळं करता का?" मी स्वतः पुढे होऊन त्याच्या कानात म्हटलं, "भाऊ, म्हण ना बाबा. तुझं काय जाते?"

टेकरामभाऊच्या कपाळावर घाम आला होता. हात अजून नारळावरच. असा अडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्यानं पल्लवीकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, तू सांग. तू म्हण म्हणशील तर म्हणतो."

निलेश एकदा बापाकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं पदरानं नाक पुसलं.

"नका म्हणू बाबा," ती म्हणाली. "तुमाले खोटं बोलता येत नाही. सगळ्यायले समजते."

विलासनं सनई बंद केली.

तुळशीरामजींचा हात टेकरामभाऊच्या हाताखाली होता. तो त्यांनी काढला नाही. ते मान वर करून मांडव बघायला लागले. छत, झालर, मग खांब. एका खांबाच्या गाठीवर त्यांची नजर बराच वेळ थांबली. सगळा मांडव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

मग त्यांनी नारळ उचलून पल्लवीच्या ओटीत घातला आणि टेकरामभाऊला म्हणाले, "व्याही, लग्नात कामठ्याचा माझ्या घरचा मांडव बी तुमीच टाकजा."

आणि खांबाशी हात जोडून उभ्या असलेल्या लोकचंदकडे वळून म्हणाले, "अना लोकचंद, त्या दिवशी नारळ आनू नको गा."